ज्या दाराला काटी नव्हती

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघी भजनी मंडळात गेल्या. माझा आवाज फाटका, देवाशीही माझं जेमतेमच, त्यामुळे मी इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात जाऊन पडले. तिथे कोणीही लिहावं, कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं, आणि कोणालाच त्याचे पैसे मिळू नयेत, असा कारभार आहे. जव्हारला माझ्या घरी ओटीच्या डाव्या कोपऱ्यात रेंज बरी येते. दुपारचं जेवण आटोपलं की मी तिथे लॅपटॉप घेऊन बसते. सुरुवातीला इंग्रजीतून अनुवाद करायची. नाचणीवरचे रोग, वटवाघळं, हाडं ठिसूळ का होतात, असलं काहीबाही. मग आपल्या भागातल्या गावांच्या पानांकडे वळले.

गावांची पानं आधीच होती. कुठल्याशा यंत्राने जनगणनेच्या यादीवरून ती बनवली होती, प्रत्येकी दोन-दोन ओळींची. त्या दोन ओळींच्या खाली पुढे गावकरी आपापली भर घालत. ‘हे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून येथील लोक अत्यंत प्रेमळ व कष्टाळू आहेत.’ जामसरपासून मोखाड्यापर्यंत सगळीकडे लोक प्रेमळ आणि कष्टाळू. मी ते खोडायची आणि शेरा मारायची, ‘प्रेमळ असल्याचा संदर्भ द्यावा.’ ज्ञानकोशाचा नियमच आहे की छापील पुरावा दाखवल्याशिवाय काही लिहायचं नाही. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं चालत नाही. हा नियम मला मनापासून आवडायचा. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेल्या हाताला निवृत्तीनंतर काहीतरी काम लागतंच.

माझा दरारा होता म्हणा ना. नवीन संपादक मला बिचकून असत. खोडसाळपणा करणाऱ्याचं लिखाण एका बटणाने उलटवता येतं, म्हणजे त्याने बदललेलं पान पूर्वीसारखं करता येतं, तो अधिकार मला मिळाला होता. त्या बटणाचा मला अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

एका मे महिन्यात, तीन आठवडे उलटून गेल्यावरच्या बुधवारी, मी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर गेले. पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं पान होतं पण फोटो नव्हता, आणि बिनफोटोचं पान मला बघवत नसे. सकाळच्या एसटीने मोखाडा, तिथून जीपने सूर्यमाळ, पुढे तासभर पायी. पिशवीत डबा आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. दहा-बारा घरं, सगळी बंद. प्रत्येक दाराला काटी लावलेली. घर सोडून जायचं असलं की करवंदीची नाहीतर बोरीची काटेरी फांदी तोडून दाराला आडवी लावतात, म्हणजे कुत्री आणि शेळ्या आत शिरत नाहीत. तिकडे कुलपाला कोणी विचारत नाही. विहिरीत डोकावले तर तळाला चिखलसुद्धा सुकून तडकलेला.

आता या भागात दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात आणि घरं बंद पडतात, हे मला कोणी सांगायला नको. मुंबईचा एखादा पाहुणा जानेवारीत बंद घरं बघून ‘अरेरे, गाव ओसाड पडलं’ म्हणाला की मी त्याची खिल्ली उडवत असे. पण हा मे होता. भट्टीवरची माणसं अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे परततात. पावसाआधी घरं शाकारायची असतात, राब भाजायचा असतो, म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळायचा असतो. इथे राबही भाजलेला नव्हता. म्हणजे यंदा माणसं परतलेली नाहीत, म्हणजे ती कायमची गेली, असा हिशोब मी उभ्या उभ्या मांडला. न जाणणाऱ्या माणसाने हा हिशोब केलाच नसता. त्याने निदान खाली सूर्यमाळला जाऊन कोणाला तरी विचारलं असतं.

मी दोनदा हाक मारली. “कोणी आहे का घरात?” शाळेच्या पटांगणात चालणारा आवाज आहे माझा, सबंध पाड्यावर गेला असेल. टोकाच्या घराकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. शेळी खोकते ती अगदी माणसासारखी खोकते, हे शेळ्या पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. मी मनात ‘शेळी’ म्हटलं. तीनची जीप चुकली असती तर मुक्काम पडला असता. त्या टोकाच्या घरावर उजेड फार छान पडला होता, म्हणून मी त्याचाच फोटो काढला आणि उतरायला लागले. जीपमध्ये बसल्यावर पहिली बाटली प्यायले. दुसरी तशीच भरलेली घरी आली.

त्याच संध्याकाळी पान लिहिलं. ‘हा पाडा सध्या ओसाड असून येथील रहिवासी कायमचे स्थलांतरित झाले आहेत.’ फोटोखाली ओळ टाकली, ‘पाड्यातील ओसाड घर.’ संदर्भ काय, तर माझाच फोटो. दुसऱ्याला मी हे चालू दिलं नसतं.

जूनमध्ये कोणीतरी, नाव न नोंदवता, त्या पानावरचा ‘ओसाड’ शब्द काढून टाकला. मी उलटवलं आणि शेरा लिहिला, ‘संदर्भ द्यावा.’ श्रावणात पुन्हा काढला, मी पुन्हा उलटवलं. गणपतीनंतर तिसऱ्यांदा तेच. त्या वेळी मी चांगली भडकले. हा कोणीतरी गावाचा अभिमानी, याला आपल्या पाड्याचं खरं चित्र नको आहे, असं ठरवून मी त्याला ताकीद दिली. पुन्हा असं कराल तर तुम्हाला लिहिण्यापासून रोखण्यात येईल, असं छापील वाक्य असतं, ते चिकटवलं.

प्रत्येक पानामागे एक चर्चेचं पान असतं, तिथे वाद घालायची सोय असते. दोन दिवसांनी तिथे एक ओळ आली. मोबाइलवरून लिहिलेली, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही.

‘हे घर ओसाड नाय फोटो काढला तवा आत माझी आयस होती’

आयस म्हणजे आई. मी ती ओळ वाचली आणि लॅपटॉप मिटला. मला भीती वाटली. घाबरायला नक्की काय झालं होतं हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मग फोटो उघडला. इतके महिने तो पानावर होता, पण मी तो नीट बघितलाच नव्हता. कुडाची भिंत शेणाने सारवलेली, आणि सारवण ताजं, त्यावर हाताच्या बोटांच्या कमानी स्पष्ट. दार चार बोटं उघडं. त्या फटीत काळं. आणि दाराला काटी नाही. सगळ्या पाड्यात ते एकच दार बिनकाटीचं होतं. मी तेच घर निवडलं होतं, कारण काटेरी फांदी मधे येत नव्हती, चौकट छान दिसत होती.

त्यानंतरच्या कित्येक दुपारी मी दुसरं काही केलं नाही. ती फट मोठी करून बघायची. मोठी करत गेलं की चित्राचे चौकोन होतात, काळे, करडे, एखादा तपकिरी. त्या तपकिरीत मला कधी गुडघा दिसायचा, कधी पातेल्याचा काठ. पुन्हा लहान केलं की काहीच नाही. शेजाऱ्यांकडे दोन शेळ्या आहेत. त्यातली एक खोकली की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. सून म्हणाली, “आई, डॉक्टरांना दाखवून या एकदा.” मी तिच्यावरच डाफरले.

चर्चेच्या पानावर मी उत्तर लिहिलं, की मी जव्हारला राहते, आपण भेटू या. माझा पत्ताही ठेवला, जो तिथे कोणी ठेवत नाही. आता वाटतं, तो येऊ नये म्हणूनच मी बोलावलं असेन. म्हणजे बोलावलं होतं, आला नाही, असं स्वतःला सांगता आलं असतं.

भातकापणी उरकल्यावर एका दुपारी तो आला. चाळिशीचा माणूस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायांत सिमेंटचे डाग पडलेले बूट. ते त्याने पायरीखाली नीट जोडून ठेवले. ठाण्याला बांधकामावर गवंडी होता.

“बाई, मी तो. पानावर लिवलं होतं,” तो म्हणाला. “तुमी मला तीनदा खोडलं.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, त्याचं काय नाय, ऑनलाइन चालतं असं. मी चहा ठेवला. चहा त्याच्या हातातच निवला.

त्याने सांगितलं ते असं. पाडा ओसाड नव्हताच. भट्टीवरून माणसं आली तेव्हा विहीर आटलेली होती, म्हणून सगळी जणं गुरंढोरं घेऊन खाली ओढ्याच्या डोहापाशी मांडव घालून राहिली होती. राबही यंदा तिथेच भाजला होता. पाऊस लागला की वर यायचं. त्याची आई मात्र खाली यायला तयार नव्हती. चुलीला सोडून जात नाय म्हणाली. मग घरची माणसं पाळीने पाणी वर नेऊन द्यायची. हा ठाण्याला. त्याच्या बायकोने गुरुवारी पाणी नेलं. पुढची पाळी धाकट्या भावाची, रविवारची. त्यानंतर शुक्रवारी बायको पुन्हा वर गेली तेव्हा आई गेलेली होती.

“धाकटा बोलतो, मी रविवारी गेलतो, दोन हंडे भरून ठेवले, ती चांगली बोलली माझ्याशी. पन हंडे रिकामे होते. पाड्यातली मानसं बोलतात, तो गेलाच नाय. दारू पिऊन पडला होता. गुरुवारचं पानी रविवारपर्यंत पुरलं, आन मग ती तशीच गेली, कोनाला कळलं पन नाय.” तो कपाकडे बघत बोलत होता. “मी पन तेच बोललो त्याला. त्याच्या पोरांसमोर बोललो. तवापासून तो माझ्या दारात येत नाय, मी त्याच्या जात नाय. पाड्यात त्याला कोन कामाला पन बोलवत नाय.”

तो पुढे सांगू लागला.

“दिवस घातले ना बाई, तवा ती अंगात आली. आमच्यात येते. राहिलेलं असंल ते सांगते. एका म्हाताऱ्याच्या अंगात आली. बोलली, एक बाय आली, मला हाक मारली, आन गेली.” आता त्याने माझ्याकडे बघितलं. “मी बोललो, खोटं हाय. बाय कोन येईल तिथं? तो म्हातारा धाकट्याच्या बायकोचा मामा. त्याला पढवून आनला असंल, म्हनजे ती बुधवार-गुरुवारपर्यंत जिती होती असं वाटावं. मग जूनमधी साइटवर बसल्या बसल्या पाड्याचं नाव टाकलं मोबाइलवर. आमचं घर आलं. खाली वार-तारीख. बुधवार.”

मला बसवेना आणि उठवेना. माझं डोकं मात्र जुन्या सवयीने पुरावे तपासत होतं. फोटो मी त्याच संध्याकाळी चढवला होता, म्हणजे दिवस घालायच्या आधी तो कोणीही बघितला असेल, त्यावरून म्हाताऱ्याने रचलं असेल. पुढे मी तेही तपासलं. कुठलं पान कोणत्या दिवशी किती वेळा उघडलं गेलं याची नोंद ज्ञानकोशात असते. मी फोटो चढवला त्या संध्याकाळनंतर दिवस घालेपर्यंत त्या पानापुढे रोज शून्य होतं.

“तुमी हाक मारली होती का?” त्याने विचारलं.

“मारली होती.”

“तिनं ओ दिली?”

त्याला काय हवं होतं ते माझ्या लक्षात आलं होतं. ती बुधवारी जिवंत असेल तर तिला रविवारी पाणी मिळालं होतं. तसल्या उन्हात गुरुवारच्या पाण्यावर पुढच्या बुधवारपर्यंत कोणी जगत नाही. म्हणजे धाकटा खरं बोलला होता. आणि ती बुधवारी जिवंत असेल तर दोन बाटल्या घेऊन तिच्या दारातून परत गेलेली बाई मी होते. दोन्ही एकाच उत्तरात होतं.

“नाही,” मी म्हणाले. “काही ऐकू आलं नाही.”

त्याने गार चहा एका घोटात संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाला, “बरं. मग धाकटा खोटाच.” त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादं काम सरकारी कचेरीतून परत आलं की माणूस उठतो तसा तो उठला, पायरीवर बसून बूट घालायला लागला. बुटांच्या नाड्या त्याने सावकाश बांधल्या. मी त्याची पाठ बघत होते. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी, आणि एका माणसाला त्याच्या भावापासून तोडायला मला एक वाक्य पुरलं होतं. मला स्वतःची किळस आली.

तो फाटकापर्यंत पोहोचला तेव्हा मी त्याला हाक मारली.

“खोकला ऐकला होता,” मी म्हणाले. “एकदाच. टोकाच्या घराकडून. पण ती शेळी असेल. मला शेळीच वाटली.”

तो परत आला. ओटीखाली उभा राहिला, वर चढला नाही.

“शेळ्या सगळ्या खाली ओढ्यावर होत्या, बाई,” तो म्हणाला. “पाड्यावर एक जनावर नव्हतं.”

मी खांबाला धरून उभी होते. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचा चेहरा सैल पडत गेला, आणि तो रडायला लागला. मला वाटलं आता हा मला बोलेल, शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि दोन्ही हात जोडले.

“उपकार झाले तुमचे,” तो म्हणाला. “लय उपकार झाले.”

मी म्हणाले, “अहो, मी आत बघायला हवं होतं. माझ्याकडे पाणी होतं.” त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो मोबाइलवर भावाचा नंबर शोधत होता. इतक्या महिन्यांनी लावत होता, अंगठा चुकत होता. पलीकडून आवाज आला तसा तो त्यांच्या भाषेत भराभर बोलायला लागला. मला सगळं कळलं नाही. बुधवार कळलं, बाई कळलं, खोकला कळलं. मग तो गप्प झाला आणि नुसता ऐकत राहिला. पलीकडचा माणूस बोलत नसावा, कारण हाही मान हलवत नव्हता.

“फोटो काढू नका हां पानावरून,” मधेच फोनवर हात ठेवून तो मला म्हणाला. “तिचा दुसरा नाय आमच्याकडं.”

“त्यात त्या दिसत नाहीत हो.”

“आत हाय ना ती,” तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे धरला. “धाकट्याला बोलायचं तुमच्याशी.”

मला तो फोन घ्यायचा नव्हता. मी घेतला. पलीकडे वारा होता, कोणीतरी गुरं हाकत होतं. मला वाटलं होतं, हा पण आभार मानेल, किंवा आता सगळ्या पाड्यासमोर येऊन सांगा म्हणेल. मी त्यालाही तयार होते.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “तवा हंड्यात पानी होतं का तिच्या? का संपलं होतं? मी मंगळवारी परत जानार होतो. ताप आला म्हनून नाय गेलो.”

मी आत गेले नव्हते, एवढंच मला त्याला सांगता आलं.